ब्रिटन न सोडता ग्लोबल टॅलेंट व्हिसावर कसं जायचं: तारखा, पुरावे आणि अर्जाचा क्रम

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसावर, म्हणजे कंपनीच्या प्रायोजकत्वावर मिळणाऱ्या नोकरीच्या व्हिसावर, असलेल्या माणसाची नोकरी सुटली की कंपनीला ते होम ऑफिसला (ब्रिटनच्या गृहखात्याला) कळवावंच लागतं. मग व्हिसाची मुदत कापणारं पत्र येतं आणि हातात साधारण ६० दिवस उरतात. तेवढ्यात नवा प्रायोजक मिळवायचा, नाहीतर आवराआवर करायची. नेमकं याच वेळी लोक विचारायला लागतात, "मला ग्लोबल टॅलेंटवर जाता येईल का हो?" अनेकांना जाता येतं, देश न सोडताही जाता येतं. पण त्या ६० दिवसांत ते क्वचितच जमतं. म्हणून हा लेख मुख्यतः अशांसाठी आहे, ज्यांची नोकरी किंवा संशोधन आज सुरळीत चालू आहे आणि व्हिसाचं निदान वर्षभर तरी बाकी आहे. तयारी करायची खरी वेळ हीच.

ग्लोबल टॅलेंट व्हिसा, म्हणजे संशोधन, कला किंवा डिजिटल तंत्रज्ञानात नाव कमावलेल्यांसाठी किंवा तशी क्षमता दाखवणाऱ्यांसाठी असलेला व्हिसा, फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. त्याआधी 'टियर वन एक्सेप्शनल टॅलेंट' नावाचा मार्ग होता, त्याची जागा याने घेतली. याला प्रायोजक कंपनी लागत नाही, पगाराची किमान अट नाही, खात्यात अमुक शिल्लक दाखवा असंही नाही आणि अर्ज करताना इंग्रजीची परीक्षाही नाही. नोकरी करा, बदला, सोडा, स्वतःची कंपनी काढा, फ्रीलान्स करा. होम ऑफिसला विचारावं लागत नाही. व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून मात्र काम करता येत नाही आणि सरकारी भत्ते बहुतेक मिळत नाहीत. स्किल्ड वर्करची सर्वसाधारण पगाराची किमान मर्यादा जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पौंडांवर गेली, तेव्हापासून या मार्गाची चौकशी वाढली आहे आणि ते साहजिक आहे.

इथूनच अर्ज कोणाला करता येतो?

स्किल्ड वर्कर, स्टुडंट, ग्रॅज्युएट, डिपेंडंट अशा बहुतेक व्हिसांवरून ब्रिटनमध्ये राहूनच बदल करता येतो. ज्यांना करता येत नाही त्यांची यादी छोटी आहे: व्हिजिटर, शॉर्ट टर्म स्टुडंट, पॅरेंट ऑफ अ चाइल्ड स्टुडंट, सीझनल वर्कर, खासगी घरातले घरकामगार, इमिग्रेशन बेलवर असलेले आणि नियमांबाहेर खास परवानगीवर राहणारे. मुलाकडे व्हिजिट व्हिसावर आलेल्या आणि आपल्या क्षेत्रात नाव कमावलेल्या आईला पहिला टप्पा इथून करता येईल, पण व्हिसाचा अर्ज भारतात परत गेल्यावरच.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट तपासावी. गेल्या १२ महिन्यांत एखाद्या सरकारने किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेने तुमची फी आणि राहण्याचा खर्च असं दोन्ही उचललं असेल, तर त्यांची लेखी परवानगी जोडावी लागते. शिष्यवृत्तीच्या करारात शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याची अट असेल तर ही परवानगी सहज मिळत नाही. तेव्हा आधी ते पत्र, बाकी सगळं नंतर.

ग्रॅज्युएट व्हिसावर असलेल्यांनी अजिबात सुस्त राहू नये. त्या व्हिसाला मुदतवाढ नाही. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार आहे. पीएचडीवाल्यांची तीन वर्षं तशीच राहतील.

अर्ज दोन आहेत, आणि संरक्षण फक्त दुसऱ्याला

मला या लेखात एकच गोष्ट ठासून सांगायची झाली तर ती ही. ग्लोबल टॅलेंटला दोन अर्ज असतात. पहिला एंडॉर्समेंटचा: तुमच्या क्षेत्रातली मान्यताप्राप्त संस्था तुमचं काम तपासते आणि शिफारस करायची की नाही ते ठरवते. दुसरा प्रत्यक्ष व्हिसाचा, तो होम ऑफिस पाहतं. नोबेल, ट्युरिंग, ऑस्कर, बाफ्टा यांसारख्या ठरलेल्या यादीतला पुरस्कार असेल तर पहिला टप्पा लागत नाही. बाकी सगळ्यांना लागतो.

आता कायदा बघा. १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याच्या ३सी कलमानुसार, जुन्या व्हिसाची मुदत संपायच्या आत तुम्ही नवीन व्हिसाचा अर्ज केला असेल, तर निकाल लागेपर्यंत तुमचं इथलं राहणं आणि काम जुन्याच अटींवर कायदेशीर चालू राहतं. पण एंडॉर्समेंटचा अर्ज हा व्हिसाचा अर्ज नव्हे. तो दाखल केल्याने घड्याळ थांबत नाही. "माझं प्रकरण होम ऑफिसकडे आहे" या समजुतीत राहून मुदत उलटू दिली, तर चांगल्या एंडॉर्समेंटचाही उपयोग होत नाही, कारण बेकायदा राहणाऱ्याला आतून व्हिसा बदलता येत नाही.

म्हणून शेवटच्या तारखेपासून उलटं मोजा. समजा, तुमचा व्हिसा ३० सप्टेंबरला संपतो. एंडॉर्समेंटच्या निकालाला आठ आठवड्यांपर्यंत लागू शकतात. नकार आला तर फेरतपासणीसाठी किंवा नव्या अर्जासाठी अवधी हवा. म्हणजे पहिला अर्ज एप्रिलमध्ये गेलेला बरा. शिफारसपत्रं देणारी माणसं मोठी, व्यग्र असतात. त्यांना पत्र लिहून सही करायला दोन महिने लागले तर नवल नाही. म्हणजे त्यांना फेब्रुवारीत विचारायला हवं. आणि त्यांनी पत्रात लिहावं असं काहीतरी हाताशी हवं, म्हणजे पुरावे गोळा करायला आधीच्या दिवाळीपासून लागायला हवं. एंडॉर्समेंट मिळाली की पत्राच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत व्हिसाचा अर्ज करायचा असतो, त्यामुळे ती फार लवकर मिळण्याचं भय नाही.

तरीही उशीर झालाच आणि सप्टेंबर उजाडला तर? दोन्ही अर्ज एकत्र करता येतात. तसं केलं की ३सीचं संरक्षण लगेच सुरू होतं. पण एंडॉर्समेंट नाकारली गेली तर व्हिसाही नाकारला जातो आणि तोपर्यंत जुना व्हिसा संपलेला असेल तर पायाखाली काहीच उरत नाही. हा रस्ता धरायचा असेल तर अर्ज पाठवण्याआधी नोंदणीकृत सल्लागाराशी एकदा बोला. आणि कंपनी स्किल्ड वर्करची मुदतवाढ द्यायला तयार असेल तर ती घ्या. मुदतवाढ मिळाल्यावर निवांतपणे ग्लोबल टॅलेंटचा अर्ज करता येतो. खर्च दुप्पट झाला तरी झोप शाबूत राहते.

कोणत्या दारातून जायचं?

विज्ञान, वैद्यक आणि मानव्यविद्या यांसाठी रॉयल सोसायटी, ब्रिटिश अकॅडमी, रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग आणि यूकेआरआय (संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था). कला-संस्कृतीसाठी आर्ट्स कौन्सिल इंग्लंड; त्यातच चित्रपट-दूरचित्रवाणीचे अर्ज पॅक्ट या निर्मात्यांच्या संघटनेकडे, वास्तुकलेचे आरआयबीए या वास्तुविशारदांच्या संस्थेकडे आणि फॅशनचे ब्रिटिश फॅशन कौन्सिलकडे तपासायला जातात. डिजिटल तंत्रज्ञानासाठी टेक नेशन.

संशोधकांसाठी हा मार्ग लोकांना वाटतो त्यापेक्षा कितीतरी सोपा आहे, आणि आपल्याकडचे पोस्टडॉक त्याच्याकडे का पाहत नाहीत याचं मला नेहमी वाईट वाटतं. पुण्याच्या एनसीएलमधून किंवा आयसरमधून पीएचडी करून इथल्या विद्यापीठात आलेली मुलं वर्षानुवर्षं स्किल्ड वर्करवर राहतात, कारण 'टॅलेंट' शब्द ऐकून त्यांना वाटतं की हा व्हिसा नोबेलच्या रांगेतल्यांसाठी आहे. तसं नाही. मान्यताप्राप्त निधी देणाऱ्या संस्थेचं किमान ३०,००० पौंडांचं आणि किमान दोन वर्षांचं अनुदान असेल, तुमचं नाव किंवा पद त्या अनुदानाच्या अर्जात असेल आणि तुमचा निम्मा तरी वेळ त्या कामाला जात असेल, तर यूकेआरआयच्या जलद मार्गाने एंडॉर्समेंट मिळू शकते. त्यात तुमच्या शोधनिबंधांची समीक्षा होत नाही. विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाचं ठरलेल्या नमुन्यातलं पत्र आणि अनुदानमंजुरीचं पत्र, यावर काम होतं. निकालही आठ आठवडे न लागता साधारण पंधरवड्यात येतो. तेव्हा पहिली पायरी म्हणजे आपल्या प्रमुख संशोधकाला विचारा, "आपलं अनुदान कुणाचं आहे, किती वर्षांचं आहे, आणि माझं पद त्यात कसं नोंदवलंय?" मग ते नाव यूकेआरआयच्या यादीत बघा. लेक्चरर, सीनियर लेक्चरर, प्राध्यापक किंवा संशोधनगटाचे प्रमुख म्हणून मान्य संस्थेत निवड झाली असेल, किंवा यादीतली एखादी वैयक्तिक फेलोशिप गेल्या पाच वर्षांत मिळाली असेल, तर त्यांनाही असेच जलद मार्ग आहेत. यातलं काहीच लागू नसेल तेव्हाच पूर्ण समीक्षेचा लांबचा मार्ग.

तंत्रज्ञानातल्यांना मात्र आधी एक कडू गोष्ट सांगावी लागेल. टेक नेशनचा सगळा भर उत्पादन बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. म्हणजे जिथे तंत्रज्ञान हेच कंपनीचं विकाऊ उत्पादन आहे. आउटसोर्सिंग, सल्लागारी, ईआरपी (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारं तयार सॉफ्टवेअर) बसवून देणं, सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, सर्व्हिस डिलिव्हरी ही कामं त्यांच्या मार्गदर्शिकेत अपात्र म्हणून लिहिलेली आहेत. हिंजवडीतून मोठ्या आयटी सेवा कंपनीमार्फत लंडनच्या बँकेत बसलेल्या आपल्या कितीतरी लोकांना याचा फटका बसतो, मग ते आपल्या कामात कितीही तरबेज असोत. तुम्ही तिथे असाल आणि तुमच्या नावावर ओपन सोर्स प्रकल्प, स्वतः काढलेलं उत्पादन, परिषदांतली भाषणं असं काही नसेल, तर अर्जाची फी भरण्याआधी उत्पादन कंपनीत नोकरी बदलून दोनेक वर्षं काम करणं हा अधिक खात्रीचा मार्ग आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

कलावंतांना दोन गोष्टी. पहिली, नियमित व्यावसायिक काम गेल्या पाच वर्षांत झालेलं दिसायला हवं. दहा वर्षांपूर्वीचा गाजलेला प्रयोग पार्श्वभूमी म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही. दुसरी, 'एक्सेप्शनल टॅलेंट' या वर्गात एकाहून अधिक देशांत नाव झालेलं दाखवावं लागतं, 'एक्सेप्शनल प्रॉमिस' या वर्गाला एक देश पुरतो. मराठी दैनिकातलं नाटकाचं परीक्षण किंवा मैफलीचं वृत्त चालतं, पण त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं आणि त्यात तुमच्या कामाबद्दल काही म्हटलेलं असावं लागतं. 'कलाकार' या यादीत पाचवं नाव आपलं, एवढ्याने काही साधत नाही.

पुराव्याची फाइल

इथे मी तंत्रज्ञानाचं उदाहरण घेतो, कारण सर्वांत जास्त चुका याच फाइलीत होतात आणि बरीचशी तत्त्वं कलाक्षेत्रालाही लागू पडतात.

टेक नेशनला सीव्ही, तीन शिफारसपत्रं आणि जास्तीत जास्त दहा पुरावे द्यायचे असतात. प्रत्येक पुरावा ए-फोर आकाराच्या तीन पानांपेक्षा मोठा नको. एक अनिवार्य निकष आहे: गेल्या पाच वर्षांत तुम्ही या क्षेत्रातले अग्रणी म्हणून ओळखले गेलात, किंवा सुरुवातीच्या टप्प्यात असाल तर तशी क्षमता दिसते. त्याखेरीज चार ऐच्छिक निकषांपैकी दोन पूर्ण करायचे: नवनिर्मिती, नोकरीच्या कामाबाहेर जाऊन क्षेत्रासाठी केलेलं काम, उत्पादन कंपनीतलं भरीव तांत्रिक किंवा व्यावसायिक योगदान, आणि संशोधन. प्रत्येक निकषाला किमान दोन पुरावे लागतात. दहा जागा आहेत म्हणून दहाही भरायलाच हव्यात असं नाही. कच्चा दहावा पुरावा आधीच्या नऊ पक्क्यांवरही शंका आणतो.

चांगला पुरावा कसा ओळखायचा? तो तुमच्याबद्दल असतो, कंपनीबद्दल नसतो. आणि तो दुसऱ्याने तयार केलेला असतो. "आमच्या अ‍ॅपचे वापरकर्ते दुप्पट झाले" ही कंपनीची बातमी झाली. तो बदल तुमच्या कोणत्या निर्णयामुळे झाला, हे दाखवणारा अंतर्गत आराखडा, त्यावरचं तुमचं नाव, आणि तो खरा असल्याचं तांत्रिक प्रमुखाचं पत्र, असे तिन्ही एकाच पीडीएफमध्ये तीन पानांत बसवले की पुरावा उभा राहतो. ओपन सोर्सचं काम असेल तर नुसता गिटहबचा दुवा देऊ नका. परीक्षक दुवे उघडत बसतील असं गृहीत धरू नका. जे दाखवायचं ते कागदावर दिसलं पाहिजे. कोणते बदल तुम्ही सुचवले, कुणी स्वीकारले, आज ते कोण वापरतं, याचे स्क्रीनशॉट लावा आणि बाजूला दोन ओळींत अर्थ सांगा.

पगार हाही पुरावा होऊ शकतो. आपल्याकडे पगार दाखवायला संकोच वाटतो. पण तुमच्या कामाच्या बाजारभावाहून तो ठळकपणे जास्त असेल तर करारपत्र, पगारपत्रकं आणि शेअर मिळाले असल्यास त्यांचे कागद हे सरळ, न वाकणारे दस्तऐवज आहेत.

'नोकरीबाहेरचं काम' या निकषाला लोक सर्वांत जास्त घाबरतात आणि मग अर्जाच्या तोंडावर घाईघाईने तीन ब्लॉग लिहितात, दोन हॅकेथॉनचे परीक्षक होतात. तारखा परीक्षकांनाही वाचता येतात. हे काम वर्ष-दोन वर्षांत पसरलेलं हवं. तुम्हाला नवोदितांना शिकवायची आवड असेल तर एखाद्या नावाजलेल्या, निवड करून माणसं घेणाऱ्या उपक्रमात मार्गदर्शक व्हा आणि आयोजकांकडून तुम्ही काय केलं याचं पत्र वेळीच घ्या. आवड नसेल तर हा निकष सोडा, बाकी तीन आहेतच.

शिफारसपत्रं

तीन पत्रं, तीन वेगवेगळ्या नामांकित संस्थांतल्या वरिष्ठांची, आणि त्यांनी तुमचं काम किमान १२ महिने जवळून पाहिलेलं असावं. पत्र लेटरहेडवर, सहीसह, त्यांच्या संपर्काच्या तपशिलासह, आणि त्यांचा स्वतःचा अधिकार काय हे स्पष्ट करणारं हवं. पत्रलेखक मोठा असण्यापेक्षा त्याने तुमचं काम पाहिलेलं असणं जास्त मोलाचं. समारंभात ओळख झालेल्या प्रसिद्ध उद्योजकाचं गुळमुळीत पत्र तुमच्या जुन्या विभागप्रमुखाच्या नेमक्या पत्रापुढे फिकं पडतं.

फरक कसा दिसतो पाहा. हे दोन्ही नमुने कल्पित आहेत, पत्रं अर्थात इंग्रजीत असतात. कच्चं वाक्य: "या अत्यंत मेहनती, अभ्यासू आणि सगळ्यांशी मिळून-मिसळून काम करणाऱ्या इंजिनिअर आहेत, त्यांनी आमच्या प्रगतीत मोलाची भर घातली." हे कोणाबद्दलही लिहिता येईल. पक्कं वाक्य: "२०२३ मध्ये आमच्या पेमेंट प्रणालीत एकाच व्यवहाराची दोनदा नोंद होत होती आणि ग्राहक बँका नाराज होत्या. ती थांबवणारी रचना यांनी आखली. मी त्या विभागाचा प्रमुख होतो आणि माझा तेव्हा तिला विरोध होता. सहा आठवड्यांच्या चाचणीनंतर आम्ही ती सगळ्या ग्राहकांसाठी लागू केली." दुसऱ्या पत्रात तारीख आहे, अडचण आहे, निर्णय कुणाचा ते आहे आणि लिहिणारा माणूस तिथे हजर होता हेही दिसतं. तुम्ही ब्रिटनच्या डिजिटल क्षेत्राला पुढे काय देणार, यावरही त्याने दोन शब्द लिहायला हवेत.

पत्रलेखकाला मदत करणं गैर नाही. आपल्या कामांची टिपणं, तारखा, कागद त्याला जरूर द्या. पण तिन्ही पत्रं स्वतःच लिहून फक्त सह्या घेऊ नका. एकाच हाताची भाषा लगेच कळते: तेच विशेषण, तोच क्रम, तीच वाक्यलांबी. यंत्राकडून लिहून घेतलेली पत्रं तर आणखी लवकर ओळखू येतात.

व्हिसाचा अर्ज आणि वाट पाहण्याचे दिवस

दुसरा टप्पा त्या मानाने साधा आहे. ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट, एंडॉर्समेंटचं पत्र, ओळख पटवणं. काहींना फोनवरच्या अ‍ॅपमधून ओळख देता येते, बाकींना केंद्रात जाऊन ठसे आणि फोटो द्यावे लागतात; तुम्हाला काय करायचं ते अर्ज भरतानाच कळतं. भारतातून अर्ज करणाऱ्यांना क्षयरोगाची चाचणी लागते, इथूनच अर्ज करणाऱ्यांना ती लागत नाही. आधीचे व्हिसा नकार, मुदत उलटल्याचे प्रसंग, दंड यांविषयीच्या प्रश्नांना जसंच्या तसं खरं उत्तर द्या. फसवणुकीवरून नकार आला तर पुढची दहा वर्षं दार बंद होऊ शकतं.

इथून केलेल्या अर्जाचा निकाल साधारण आठ आठवड्यांत येतो. या काळात तीन पथ्यं कडकपणे पाळा. पहिलं, नोकरी सोडू नका. दुसरं, अर्ज गेला म्हणून फ्रीलान्स सुरू करू नका. निकाल येईपर्यंत जुन्याच व्हिसाच्या अटी लागू असतात. तिसरं आणि आपल्या लोकांच्या दृष्टीने सर्वांत अवघड: ब्रिटन, आयर्लंड, चॅनल आयलंड्स आणि आइल ऑफ मॅन यांच्या बाहेर पाऊल टाकू नका. गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. पासपोर्ट तुमच्याजवळच असतो, जुना व्हिसाही कदाचित चालू असतो, विमानतळावर कोणी अडवत नाही, आणि म्हणूनच माणसं फसतात.

गावी आई-वडील थकलेले असतील, घरात लग्नकार्य ठरत असेल, तर अर्जाचा महिना ठरवताना हे सगळं धरा. भारतवारी आधी उरकून घ्या. आणि उपलब्ध असेल तर जास्तीचे ५०० पौंड भरून पाच कामाच्या दिवसांत, किंवा १,००० पौंड भरून ओळख दिल्यानंतर पुढच्याच कामाच्या दिवशी निकाल मागता येतो. वडिलांच्या तब्येतीची धाकधूक असताना आठ आठवडे जागेवर अडकून पडण्यापेक्षा हे पैसे गेलेले परवडतात.

पैसे

एप्रिल २०२५ च्या दरांप्रमाणे एंडॉर्समेंटचे ५६१ आणि व्हिसाचे २०५, मिळून ७६६ पौंड. खरा बोजा हेल्थ सरचार्जचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायच्या आकाराचा: प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड, १८ वर्षांखालच्या मुलाला ७७६. तो सगळ्या वर्षांचा एकरकमी, आगाऊ. व्हिसा किती वर्षांचा हवा ते तुम्हीच निवडता, एक ते पाच. पती-पत्नी आणि एक मूल असं कुटुंब पाच वर्षांचा व्हिसा घेईल तर १६,५२८ पौंड होतात. तीन वर्षांचा घेईल तर १०,८३६. जोडीदार आणि मुलांनाही प्रत्येकी ७६६ पौंडच पडतात, तेही इथूनच बदल करू शकतात आणि सगळ्यांनी एकत्र अर्ज केला तर तारखा जुळतात. व्हिसा नाकारला गेला तर सरचार्ज परत मिळतो, अर्जाची फी मिळत नाही. दर बहुधा वसंतात वाढतात, तेव्हा भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळ बघाच.

तीन की पाच हे ठरवताना आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, डोळ्यांपुढे ठेवा. विज्ञान-संशोधन संस्थांची एंडॉर्समेंट असणाऱ्यांना आणि तंत्रज्ञान-कलेतल्या 'एक्सेप्शनल टॅलेंट' वर्गाला तीन वर्षांनी अर्ज करता येतो; तंत्रज्ञान-कलेतल्या 'प्रॉमिस' वर्गाला पाच वर्षांनी. स्किल्ड वर्करवर घालवलेला काळ यात मोजला जातो, स्टुडंट आणि ग्रॅज्युएटवरचा नाही. कोणत्याही सलग १२ महिन्यांत १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही. सरकारने कायम वास्तव्याचे नियम मुळापासून बदलायचं जाहीर केलेलं असल्याने, माझ्या मते हाताशी पैसे असतील तर पाच वर्षांचा व्हिसा घेऊन ठेवावा.

नकार आला तर

एंडॉर्समेंटच्या नकारपत्रात प्रत्येक निकषावर शेरा असतो. तो रागात वाचू नका, दोन दिवसांनी वाचा. परीक्षकांनी तुम्ही दिलेला कागद पाहिलाच नाही किंवा नियम चुकीचा लावला असं वाटत असेल, तर २८ दिवसांत फेरतपासणी मागा. तिला फी नाही, पण नवा पुरावाही देता येत नाही. पुरावाच अपुरा होता असं मनाला पटलं, तर फेरतपासणीत महिना घालवू नका, फाइल दुरुस्त करून नवा अर्ज करा. एंडॉर्समेंट मिळूनही व्हिसा नाकारला गेला, तर इथे असणाऱ्यांना १४ दिवसांत ८० पौंड भरून प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. अशा वेळी मात्र वकील गाठा.

सल्ल्याबद्दल: ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देणारा माणूस एकतर सॉलिसिटर-बॅरिस्टर हवा किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदलेला हवा. या संस्थेचं आधीचं नाव ओआयएससी होतं. नोंदणी नसताना सल्ला विकणं गुन्हा आहे. "एंडॉर्समेंटची हमी, पत्रांची सोय आम्ही करू" असं सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहा.

व्हिसा मिळाल्यावर

आता प्लास्टिकचं कार्ड येत नाही, ई-व्हिसा यूकेव्हीआयच्या (होम ऑफिसच्या व्हिसा विभागाच्या) ऑनलाइन खात्यात दिसतो. नाव, जन्मतारीख, मुदत आणि अटी अक्षर न् अक्षर तपासा. मग मनुष्यबळ विभागाला कळवून नवा शेअर कोड (तुमचा काम करण्याचा हक्क ऑनलाइन तपासायचा क्रमांक) द्या. कंपनी तुमचं प्रायोजकत्व बंद झाल्याचं होम ऑफिसला कळवते आणि तुमची नोकरी तशीच चालू राहते. त्याआधी करारपत्र काढून बघा. व्हिसाची फी आणि सरचार्ज कंपनीने भरलेला असेल, तर ठरावीक काळाच्या आत तुम्ही सोडल्यास ते वसूल करण्याचं कलम अनेकदा असतं. मात्र इमिग्रेशन स्किल्स चार्ज, म्हणजे परदेशी कर्मचारी घेतल्याबद्दल कंपनीने सरकारला भरायचा आकार, तुमच्याकडून वसूल करता येत नाही, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून दिलेल्या प्रायोजकत्व प्रमाणपत्राची फीदेखील नाही. कोणी मागितले तर लेखी हिशेब मागा.

स्वतंत्र काम सुरू केलंत तर एचएमआरसीकडे (ब्रिटनच्या करखात्याकडे) स्वयंरोजगाराची नोंदणी करा आणि पहिल्या बिलापासून सगळे कागद एका जागी ठेवा. मुदतवाढ आणि आयएलआर या दोन्ही वेळी तुम्ही एंडॉर्समेंटच्याच क्षेत्रात पैसे कमावले हे दाखवावं लागतं. पगारपत्रकं, बिलं, करार, मानधनाच्या पावत्या, हाच तिथला पुरावा. आणि मध्येच भारतीय पासपोर्टची मुदत संपून नवा काढलात, तर प्रवासाला निघण्याआधी तो यूकेव्हीआयच्या खात्यात जोडून घ्या. नाहीतर परतताना मुंबईच्या विमानतळावर एअरलाइनच्या काउंटरला तुमचा व्हिसा सापडत नाही.